गेटजवळचं स्टूल

शिडीवरून पडणारा माणूस मी कधी लिहिला नाही.

टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहायला लागलो त्या पहिल्याच वर्षी यावरून एका दिग्दर्शकाशी माझं वाजलं. जावई पंखा पुसायला शिडीवर चढतो, खालून सासरा हाक मारतो, जावई धाडकन खाली; सगळं घर हसतं आणि पुढच्या प्रसंगात जावयाच्या हाताला पांढरंशुभ्र बँडेज. असं त्याला हवं होतं. मी म्हणालो, जावयाला मी बोलताबोलता गोत्यात आणतो, पण पाडायला सांगू नका. तो म्हणाला, माणूस पडला की लोक हसतातच, त्यात लेखकाला कष्ट कसले. ते मलाही माहीत होतं. मी प्रसंग पुन्हा लिहिला. त्यात जावई शेजाऱ्याकडे शिडी मागायला जातो आणि शेवटपर्यंत परतच येत नाही. दिग्दर्शकानं मला भित्रा ठरवलं. भित्रा मी आहेच. अजूनही फोन वाजला की मालिका बंद केली असं कुणी सांगायच्या आत मी त्यांचे आभार मानून मोकळा होतो.

पुढं बऱ्याच मालिका लिहिल्या. काही चालल्या, काही तेराव्या भागातच गेल्या. या लिखाणाचा ढाचा ठरलेला असतो. तीच माणसं, तेच घर, दर आठवड्याला नवा घोळ, आणि भाग संपताना ज्याची वस्तू त्याच्याकडे. हे कुठं शिकलात, असं लोक विचारतात. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, त्यामुळे लोकांना उत्तराची उत्सुकता जरा जास्तच. मी तमाशाचं नाव सांगतो, कधी मामाच्या बैठकीचं सांगतो. खरी जागा सांगत नाही, कारण ती सांगितली की ऐकणारा हसायला लागतो, आणि मला पुढचं सांगवत नाही.

मी सांगोल्याकडचा. सातवीत गणितात नापास झालो. पुन्हा बसू का, असं मी विचारलं नाही आणि बस असं कुणी म्हणालं नाही. वडील नव्हते. आई, मी आणि दोन बहिणी मामाकडं राहत होतो, आणि आम्ही तिथं किती जड झालोय ते मामी भाकरी वाढण्याच्या पद्धतीतून सांगायची. आमच्याच भागातला एक मुकादम तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर माणसं नेत होता. त्यानं मामाला विचारलं, पोरगं काही उचलंल का? मामा म्हणाला, उचलायचं काय माहीत न्हाई, पण खातंय कमी. एवढ्या शिफारशीवर मी निघालो.

साठीच्या दशकातली गोष्ट. बोईसर स्टेशनवर उतरल्यावर नाकात पहिला शिरला तो सुक्या मासळीचा वास. मला वाटलं काहीतरी मेलंय, पण बाकीचे निवांत चालत होते म्हणून मीही चाललो. तिथून ट्रकमधून बांधकामावर. आम्ही एका पोटठेकेदाराकडं होतो. पत्र्याची लांबलचक शेड, मधे गोणपाटाचे पडदे, प्रत्येक टोळीला एक कप्पा. आमची टोळी खलाशांची. खलाशी म्हणजे होडीवरचे नव्हेत. दोर, साखळ्या आणि कप्पी लावून लोखंडाचे गर्डर उंचावर चढवणारे. मी त्यांचा हेल्पर. दोर गुंडाळायचे, ग्रीस लावायचं, पाणी आणायचं, आणि वर बघायचं नाही. वर बघितलं की मला खाली उभ्या उभ्या गरगरायचं.

टोळीत एकच माणूस खराखुरा दर्यावरचा होता. जवळच्याच दांडी गावचा मच्छीमार. कधीकाळी होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता, म्हणून सगळे त्याला तांडेलच म्हणायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं सुकलेला, पण त्याच्या हातची गाठ सुटायची नाही. होडी मोडली तेव्हा नवी करण्याऐवजी तो इकडं दोर ओढायला आला. पहिल्या दिवशी त्यानं मला विचारलं होतं, "पोरा, मासली खातंस काय?" मी नाही म्हणालो. "मंग इथं मरशील," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला सांगून माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी मागवली.

त्या बांधकामावर माणसाला नाव नव्हतं, बिल्ला होता. पितळेचा, नंबर कोरलेला, शर्टाला लावायचा. पाळी लागताना गेटवर टाइमकीपर नंबर पुकारायचा आणि आपण "हाय" म्हणायचं. तो मान वर करायचा नाही. त्याचा संबंध आवाजाशी, माणसाशी नाही. आठवडाभर कुणी आलं नाही तर बिल्ला काढून घेत, आणि बिल्ला गेला की शेडमधली जागाही गेली.

पावसाळा सरता सरता मला मुदतीचा ताप आला. शुद्ध असायची आणि नसायची. मुकादमानं गावी पाठवायचं काढलं, तर म्हणे मी तापात त्याचे पाय धरले आणि मामीच्या आवाजात बोलायला लागलो. घाबरलो की माझ्या तोंडून दुसऱ्यांचे आवाज येतात, लहानपणापासूनच. शाळेत मास्तर छडी घेऊन आले की मी मास्तरांच्याच आवाजात पाढे म्हणायचो आणि आणखी मार खायचो. शेडमध्ये मात्र त्याचा उपयोग झाला. मुकादम हसला आणि म्हणाला, राहू दे लेकाला, बघू.

मग टोळीनं ठरवलं की माझा बिल्ला चालू ठेवायचा. माझी पाळी दुसरी होती, दुपारनंतरची. जुन्या चौघा-पाच जणांनी वार वाटून घेतले. ज्याचा वार, त्यानं सकाळची आपली पाळी करायची, चार घास खायचे, शर्टावर माझा बिल्ला लावायचा आणि पुन्हा गेटवर जाऊन माझ्या किरट्या आवाजात "हाय" म्हणायचं. नुसतं म्हणून भागायचं नाही, कारण दुसऱ्या पाळीला माणसं मोजत. काम करावंच लागायचं. दिवेलागणीला ते परत येत, माझ्या अंथरुणाशी बसत आणि आज मी कसा वागलो ते मला करून दाखवत. मी कसा वाकतो, मुकादमानं हाक मारली की कसा दचकतो. तांडेल सगळ्यांत भारी करायचा. माझी मान, माझे डोळे, हात छातीशी धरायची माझी सवय. मी तापात हसायचो, आणि हसताना बरगड्या दुखायच्या. तांडेलाची बायको दांडीहून पेज घेऊन यायची. ती दारातच म्हणायची, "दोगंपन येडे. एक तापानं, एक ताप नसताना."

त्याच दिवसांत एका संध्याकाळी, सूर्य अजून पाण्यावर होता तेव्हा, तांडेलाचा उजवा हात गर्डर आणि खालच्या पत्र्याच्या मधे सापडला. पहाटेपासून तो उभाच होता. दोर धरणाऱ्यानं तो सोडलाही नव्हता आणि दोर तुटलाही नव्हता. तांडेलाचाच हात काढायला उशीर झाला, असं नंतर त्यानंच सांगितलं. चार बोटं गेली. अंगठा राहिला.

त्याला उचलून ठेकेदाराच्या दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं शर्टावरचा बिल्ला पाहिला आणि लिहून घेतला. तो बिल्ला माझा होता.

मुकादम शेडमध्ये आला तेव्हा त्याच्या धोतराला रक्त होतं. तो माझ्या अंथरुणाशी बसला आणि त्यानं मला समजावलं. खरं सांगितलं तर तांडेल दुसऱ्याच्या बिल्ल्यावर आत शिरलेला, तेव्हा त्याला काहीच मिळणार नाही, वर टोळी जाईल. नाही सांगितलं तर एक गोष्ट आहे. बांधकामावर हातापायानं अधू झालेल्याला ठेकेदार गेटजवळ स्टुलावर बसवायचा. आल्यागेल्याचे बिल्ले बघायचे, बस. ते कुठं लिहिलेलं नव्हतं, पण तसा रिवाज होता. त्या हातानं आता तांडेलाला ना दोर ओढता येणार ना जाळं. त्याच्या घराला तेवढंच एक स्टूल होतं.

"स्टूल जखमी नंबराला मिळतंय," मुकादम म्हणाला. "आनि जखमी नंबर तुझा हाय. तवा आता त्यो तू. तुला उभं ऱ्हाता आलं की तू त्यो."

तांडेलाला पुढं पालघरच्या इस्पितळात हलवलं होतं. मला चालता यायला लागल्यावर मुकादमाबरोबर पॅसेंजरनं गेलो. सफाळ्याचा आमच्यातला एकजण रोज जाऊनयेऊन त्याचा डबा पोचवत होता. वॉर्डात नर्सनं माझं नाव पुकारलं. मी पुढं होणार तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून माझाच आवाज आला, "हाय." तांडेल उशीला टेकून बसला होता. नर्सनं त्याचा पिकलेला केस न् केस पाहिला आणि हातातल्या कागदावरचं माझं अठरा वर्षं वय पाहिलं, आणि पुढच्या खाटेकडं गेली. तिला कामं होती. मी त्याच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. तांडेलानं बँडेजमधून बाहेर राहिलेला अंगठा हलवला.

"सरकारला आमचा येवडाच लागतो," तो म्हणाला. तो सही करायचा नाही, अंगठा द्यायचा.

तो बरा होऊन आला आणि खरंच स्टूल मिळालं. माझ्या नंबराला. तो गेटजवळ माझा बिल्ला लावून बसला आणि मी त्याचा, खलाशाचा, बिल्ला लावून आत जायला लागलो. पहिले काही दिवस शेडमध्ये याचीच गंमत चालली. तांडेलाला सगळे "पोरा" म्हणून हाक मारायचे आणि मला "तांडेल, जरा इडी पेटवून द्या" म्हणायचे. त्याची बायको आली की कुणीतरी म्हणायचं, वहिनी, तुमचे मालक तिकडं बसलेत, आणि माझ्याकडं बोट दाखवायचं. ती मला खालपासून वरपर्यंत बघायची. "ह्याला धनी म्हनायचा तर पयला जेवायला घालून वाडवायला लागल," म्हणायची. स्वतः हसायची नाही, आम्हाला हसू द्यायची. टिफिन उघडून नवऱ्याला भात कालवून द्यायची, कारण डाव्या हातानं त्याला अजून जमत नव्हतं.

हे असंच निभावलं असतं. पण खलाशाला वर चढावं लागतं. मुकादम मला खालीच ठेवायचा. आज याचं पोट बिघडलंय, आज डोळ्यात कचरा गेलाय, आज याला सुतक आहे. सुतकाला तर त्यानं माझ्या मामाला मारलं. मी रात्री उशीत तोंड घालून मामाची माफी मागायचो आणि सकाळी गेटवरून जाताना स्टुलावर बसलेल्या तांडेलाकडं बघायचो. तो माझा बिल्ला तपासल्यासारखं करायचा, म्हणजे स्वतःचाच, आणि आत सोडायचा. तो बसलेला दिसला की मला दिवसभर पुरायचं. जोवर मी वर जात नाही आणि कुणी विचारत नाही, तोवर ते स्टूल होतं.

मग नवा इंजिनिअर आला. ठेकेदाराचाच माणूस, पालघरला बिऱ्हाड, पुण्याकडचा, शांत बोलणारा. त्याला एक सवय होती, तो माणसांकडं बघायचा. खलाशी खाली का उभा आहे, असं त्यानं विचारलं. मुकादम सुतकाचं बोलला. साहेब म्हणाला, सुतकात दोर चालतो वाटतं, उंची चालत नाही? आणि मला वर जायला सांगितलं.

मी चढलो. नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं. शिडीच्या पायऱ्या संपल्या तिथं एक गर्डर आडवा होता, त्यावरून पलीकडं जायचं होतं. वारा समुद्राकडून यायचा. दूर दांडीच्या होड्या दिसत होत्या, एवढ्याशा, आणि मला वाटलं त्या हलत नाहीत, गर्डरच हलतोय. मी पोटावर पालथा पडलो आणि दोन्ही हातांनी गर्डर मिठीत घेतला. खालून आवाज येत होते. मी मिठी आणखी घट्ट केली. शेवटी दोघं आले, माझ्या कमरेला दोर बांधला आणि पोतं उतरवावं तसं खाली सोडलं. माझी विजार ओली झाली होती.

साहेबानं मला आपल्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि ओरडला नाही. ओरडला असता तर मी गप्प बसलो असतो. त्यानं विचारलं, "तू खलाशी नाहीस ना रे? कोण आहेस तू?"

मला वाटलं, आता सांगितलं तर हा ऐकेल. मी सांगायला लागलो, आणि मी इतका घाबरलो होतो की आवाज यायला लागले. मुकादमाचा आला, सुतकासकट. टाइमकीपरचा आला. नर्सचा आला. तांडेल माझ्या आवाजात बोलतो तो आला, आणि मी तांडेलाच्या आवाजात. साहेब आधी ओठ दाबून ऐकत होता, मग त्यानं चष्मा काढला. "म्हणजे तो तू आणि तू तो," तो म्हणाला आणि टेबलावर डोकं ठेवून हसला. त्यानं शेजारच्या खोलीतून हेडक्लार्कला बोलावलं. पुन्हा सांग म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. या वेळी मला कळलं की नर्सच्या जागी थोडं थांबलं की जास्त हसतात, आणि मी थांबलो. माझं मलाही ते थांबवता आलं नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. चांगली माणसं होती. मला चहा पाजला. कुणाला काढणार नाही, असं साहेब स्वतःहून म्हणाला.

काढलं नाहीच. हेडक्लार्कनं फक्त सगळं नीट केलं. माझा नंबर मला परत दिला. तांडेलाचा खलाशाचा नंबर बंद केला, कारण चार बोटं नसलेला खलाशी कसा ठेवणार. राहिला जखमी नंबर. तो माझा होता, आणि माझे दोन्ही हात त्याच्यासमोर टेबलावर होते. म्हणजे हात कुणाचाच गेलेला नव्हता. तेव्हा स्टुलाचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेटवर गेलो तर तिथं पाय लंगडा असलेला दुसराच कुणी बसला होता, आणि त्यानं माझा बिल्ला नीट उचलून पाहिला.

टोळी माझ्यावर चिडली नाही. मुकादम एवढंच म्हणाला, "सांगायचं तर रडून सांगायचं रं. रडला असतास तर काहीतरी दिलं असतं."

तांडेल मात्र वेगळं म्हणाला. मी दांडीला त्याच्या घरी गेलो होतो. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते आणि तो काठी घेऊन कावळे हाकत बसला होता, जे काम त्यांच्याकडं म्हाताऱ्या बायका करतात. मी पाया पडायला वाकलो तर त्यानं काठी आडवी धरली. किती हसले, त्यानं विचारलं. मी सांगितलं. साहेब हसला? हसला. मोठा साहेब? तो नव्हता.

"आनि तू काय मागितलास नाय?"

मी म्हणालो, नाही.

तिथं मला त्यांच्याकडची रीत कळली. शिमग्यात त्यांच्या पाड्यात सोंगं निघतात. सोंग दारात येतं, नाचतं, नकला करतं. घरधनी हसला नाही तर सोंग हात हलवत पुढं जातं. पण एकदा का तो हसला, की सोंग मागेल ते द्यावं लागतं. कोंबडी मागितली तर कोंबडी. भांडण मिटव म्हटलं तर भांडण मिटवायचं. हसून नाही म्हणणाऱ्याच्या दारात पुढच्या वर्षी कुणी सोंग नेत नाही, आणि ते घराला लागतं. तांडेलाच्या हिशेबानं सगळं सोपं होतं. मी साहेबाला हसवलं होतं आणि मागायचं विसरलो होतो. चूक माझी, साहेबाची नव्हे.

"परत हसव," तो म्हणाला. "सगल्यांसमोर. आनि मंग माग."

त्याची बायको बोंबील उलटत होती. "ते काय आपल्या पाड्यातले हायत?" ती म्हणाली. तो म्हणाला, हसायला काय पाड्याचा लागतो?

संधी आली ती साहेबाकडूनच. ठेकेदाराच्या आवारात सत्यनारायण होता, संध्याकाळी करमणूक ठेवायची होती. साहेबानं मला बोलावून सांगितलं, तो तुझा किस्सा बसव, मोठे साहेब येणार आहेत. मी तो किस्सा बसवला. आज मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, मी पुढं आयुष्यभर जे लिहिलं त्याचा पहिला भाग तो. जागा तीन, शेड, गेट आणि इस्पितळ. एका खोक्याचं स्टूल केलं. आमच्या टोळीतले तिघं, मुकादम स्वतः मुकादम. तांडेलाचं काम मी करणार आणि माझं काम सफाळ्याचा करणार. शेवट तांडेलानं सांगितला होता. सगळे हसले की मी पुढं यायचं, नमस्कार करायचा आणि साहेबांचं नाव न घेता म्हणायचं, मालक, हसलात, आता द्या. तांडेलाला त्याचं स्टूल द्या.

ताडपत्रीच्या मांडवात पुढं खुर्च्यांवर साहेबलोक आणि त्यांच्या बायका, मागं आम्ही लोक. तांडेल आणि त्याची बायको सगळ्यांत मागं उभे होते. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. त्यानं हात सदऱ्यात घातला होता.

लोक हसले. मी आजवर अनेक स्टुडिओंत हसणं ऐकलंय, टेपवरचंही ऐकलंय, पण तसं ऐकलं नाही. मोठे साहेब खुर्चीच्या हातावर थापा मारत होते. नर्स झालेला आमचा गडी माझ्यापुढून गेला तेव्हा मांडव हलला. मला मधेच भीती वाटली की इतकं हसताहेत म्हणजे नक्की देणार, आणि मग मी बोलताना चुकलो तर काय. तसाच पुढं झालो, हात जोडले आणि म्हणालो. आवाज कुणाचाच आणला नाही, माझाच ठेवला.

"मालक, तुम्ही हसलात. आता आमच्या तांडेलाला त्याचं स्टूल द्या. त्याचा हात खरंच गेलाय."

मग मोठे साहेब आधीपेक्षा जोरात हसले आणि टाळ्या वाजवायला लागले, आणि त्यांच्यामागून सगळ्या खुर्च्या. "शेवट काय घेतलाय पोरानं," ते शेजारच्याला म्हणाले. मी पुन्हा म्हणालो, साहेब, खरंच. ते आणखी हसले. मी जितक्या वेळा खरंच म्हणालो तितक्या वेळा हसले. आमचा साहेब उठून पुढं आला, त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि हातावर प्रसादाचा शिरा ठेवला. त्याचे डोळे मात्र हसत नव्हते असं मला वाटलं. मग तो पुन्हा खुर्चीवर जाऊन बसला.

मागं पाहिलं तर तांडेल होता तिथंच होता. त्याच्या बायकोनं त्याचा दंड धरला होता. ती त्याला घेऊन निघाली तेव्हा तो मला काही सांगत होता, लांबून, मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात जाऊन साहेबाला पुन्हा विचारलं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाला, हेडक्लार्कनं ते प्रकरण मिटवलंय, ते आता उघडलं तर मुकादमासकट सगळे जातील, तुला चालेल का? मला चालणार नव्हतं. मग तो म्हणाला, तू मात्र इथं दोर गुंडाळत बसू नकोस. मुंबईला त्याचा एक मित्र कामगारांची नाटकं बसवायचा. त्याच्याकडं चिठ्ठी देतो म्हणाला. मी आभार मानले. मनापासून मानले, ते आजही मागं घ्यावेसे वाटत नाहीत. त्या चिठ्ठीवर माझं सगळं पुढचं आयुष्य झालं, आईला आणि बहिणींना मी मामीच्या चुलीवरून उठवून आणलं.

तांडेलाच्या बायकोनं आमच्याच ठेकेदाराकडं खडी वाहायचं काम धरलं. रोज दांडीहून चालत यायची, डोक्यावर चुंबळ. मी समोर आलो तर ओळख द्यायची, थांबायची नाही.

मुंबईला जायच्या आदल्या दिवशी मी दांडीला गेलो. खडीच्या कामाला सुट्टी होती, ती चुलीपाशी होती. तो ओट्यावर बसून सुरीची मूठ अंगठ्याखाली दाबून मासा कापायला शिकत होता. मासा निसटायचा, तो पुन्हा धरायचा. मी सांगितलं की चाललो.

"काय करनार तिथं?"

"लोकांना हसवायचं, म्हणतात."

त्यानं मासा खाली ठेवला. ऑफिसात त्या दिवशी मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हापासून मी त्याच्याकडून एका प्रश्नाची वाट बघत होतो, तू सांगितलास कशाला. तो प्रश्न त्यानं विचारला नाही.

"त्याच्यावर जेवन मिलतं काय?"

"मिळेल बहुतेक."

"मंग जा," तो म्हणाला आणि मासा पुन्हा धरला. आतून ती म्हणाली, "जेवूनशी जा. भात झालाय."